आईसाठी डिमेन्शिया केंद्र निवडताना: संध्याकाळी सहा वाजता जाऊन बघा

प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांची, तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. कोथरूडला ती आणि ८१ वर्षांचे बाबा राहतात, बावन्न वर्षांचा संसार. नर्सिंग ब्यूरोकडून आलेल्या रात्रीच्या मावशी चार महिन्यांत तीनदा बदलल्या. गेले पाच-सहा आठवडे आई रात्र रात्र जागते आहे. एकदा पहाटे कडी काढून बाहेर पडली आणि दीड तासाने बसथांब्यावर सापडली. भाऊ न्यू जर्सीला, लिहिणारी मुलगी ठाण्याला. एका शनिवारी सकाळी वेळ घेऊन दोन जागा बघून झाल्या. एक शहराबाहेर तीस किलोमीटरवर, टाउनशिपमधली ‘असिस्टेड लिव्हिंग’ची नवी इमारत: बाग, लिफ्ट, वाचनालय, स्वतंत्र खोली. दुसरी घरापासून चार किलोमीटरवर, जुन्या बंगल्यातलं अठरा जणांचं डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेल्यांचं, केंद्र. बाबा म्हणतात, मी आहे तोवर तिला वृद्धाश्रमात जाऊ देणार नाही. काय पारखायचं, कसं ठरवायचं?

नमस्कार ताई. मी पुण्यात बावीस वर्षं डिमेन्शिया झालेल्या माणसांच्या कुटुंबांबरोबर काम करते. त्यातली नऊ वर्षं एका निवासी केंद्रात सामाजिक कार्यकर्ती होते. तुमच्या दोन जागांपैकी माझा कल बंगल्याकडे आहे. पण तो बंगला तुम्ही अजून खऱ्या अर्थाने पाहिलेला नाही. सकाळी अकरा वाजता, फोन करून गेल्यावर सगळीच केंद्रं चांगली दिसतात. आंघोळी आटोपलेल्या असतात, नाश्ता झालेला असतो, व्हरांड्यात ऊन आलेलं असतं, मॅनेजर जागेवर असतात, आणि आजी-आजोबांचं चित्तही त्या वेळी दिवसातलं सगळ्यात स्थिर असतं.

त्याआधी मात्र एक काम करा. अल्झायमर सहसा हळूहळू उतरत जातो. पाच-सहा आठवड्यांत एकदम रात्रीची झोप उडाली, बाहेर पडणं सुरू झालं, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं असू शकतं. वयस्कर बायकांना लघवीचा संसर्ग ताप न येताही होतो आणि त्याचं पहिलं लक्षण म्हणून गोंधळ वाढतो. बद्धकोष्ठता, सांगता न येणारी दातदुखी किंवा गुडघेदुखी, रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे उतरलेलं सोडियम, सर्दी-खाजेसाठी कोणीतरी दिलेली गुंगीची गोळी, महिन्याभरापूर्वी न्हाणीघरात डोकं आपटलं असेल तर कवटीखाली साचत गेलेलं रक्त: ही सगळी कारणं मी पाहिली आहेत. लघवीची तपासणी, सोडियम, साखर, थायरॉइड, बी-१२, आणि पडल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन, एवढं याच आठवड्यात करून घ्या. एका आजोबांचा केंद्रात प्रवेश ठरला होता, डिपॉझिटही भरलं होतं. सोडियम पूर्ववत झालं आणि ते आणखी दीड वर्ष आपल्या घरी राहिले. तुमच्या आईचं तसं होईलच असं नाही. पण अशा आजारातून आलेल्या गोंधळाच्या भरात घर सोडायचा निर्णय घेऊ नये.

तपासण्या ठीक आल्या आणि रात्री तशाच राहिल्या, तर निवासी केंद्राचा विचार योग्यच आहे. घरी ठेवण्याचा पर्याय मी हलका मानत नाही. गोव्यात प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन अशा कुटुंबांना आधार दिला, तेव्हा काळजी घेणाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी झाला. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला आणि मी तो अजून नव्या सहकाऱ्यांना वाचायला देते. पण त्या आधारासाठी घरात निदान एक धडधाकट माणूस लागतं. तुमच्या घरी ते माणूस ८१ वर्षांचं आहे आणि गेले पाच आठवडे झोपलेलं नाही.

आता टाउनशिपमधल्या जागेबद्दल. ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणजे बहुतेक ठिकाणी स्वतःची खोली किंवा फ्लॅट, जेवणखाण, साफसफाई, दिवसा नर्स, आणि पलंगाशी व न्हाणीघरात आणीबाणीची घंटी. ज्यांचे हातपाय थकलेत पण डोकं शाबूत आहे, त्यांच्यासाठी ही फार चांगली सोय आहे. तुमच्या आईचं दुखणं नेमकं उलटं आहे. घंटी उपयोगी पडायला ती कशासाठी आहे हे लक्षात राहावं लागतं. आई पहाटे उठून घंटी दाबणार नाही, दार शोधेल. आणि स्वतंत्र खोली, जी तुम्हाला प्रतिष्ठेची वाटते, ती तिच्यासाठी एका अनोळखी बंद दाराआडचा एकांत ठरू शकते. डिमेन्शियात बहुतेकांना माणसांचा वावर दिसत राहिला की धीर येतो. स्वयंपाकघरातला आवाज, कोणीतरी भाजी निवडतंय, कोणीतरी ये-जा करतंय. बंगल्याच्या जुनेपणात हे आपोआप असतं.

त्या टाउनशिपचा करारनामा मागवा आणि त्यात ‘स्वावलंबी’ हा शब्द शोधा. अशा अनेक करारांत रहिवासी स्वावलंबी असावा, तसा वैद्यकीय दाखला द्यावा, आणि तो स्वावलंबी राहिला नाही तर कुटुंबाने पर्यायी व्यवस्था करावी, असं कलम असतं. म्हणजे आईला खरी गरज लागेल त्याच दिवशी तुम्हाला नवीन जागा शोधावी लागेल, आणि तिला दुसऱ्यांदा हलवावं लागेल. महारेराने, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियमावली आणली: दारं निदान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल असे रस्ते, स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. चांगलं पाऊल आहे. पण ते नियम इमारतीचे आहेत. रात्री दोन वाजता आईचं अंथरूण ओलं झालं तर ते कोण बदलणार, हे त्यात नाही.

तेव्हा बंगल्याकडे परत येऊ आणि तो कसा बघायचा ते सांगते. एखाद्या कामाच्या दिवशी, न कळवता, संध्याकाळी साडेपाच-सहाला जा. सहा का, तर दिवस मावळायला लागला की डिमेन्शियातली बेचैनी वाढते. सावल्या लांबतात, थकवा आलेला असतो, आणि ‘मला घरी जायचंय’ सुरू होतं. हे घर कोथरूडचं नसतं. बहुतेक वेळा ते माहेरचं अंगण असतं, आणि तिथे त्यांची स्वतःची आई वाट बघत बसलेली असते. त्याच सुमारास दिवसपाळीची माणसं निघायच्या गडबडीत असतात आणि रातपाळीची अजून आलेली नसतात. तो तासभर दारातल्या खुर्चीत शांत बसून राहा. एखाद्या आजी पिशवी घेऊन दाराशी आल्या, की मावशी काय करतात ते बघा. ‘आजी, बसा म्हटलं ना’ असं म्हणून दंड धरून मागे नेतात? की ‘चला, मीही त्याच बाजूला निघालेय’ म्हणून अंगणात दोन फेऱ्या मारून आणतात? ही दुसरी गोष्ट कुठल्या माहितीपत्रकात छापलेली नसते, आणि तुमच्या आईचं उरलेलं आयुष्य तिच्यावर अवलंबून असणार आहे.

हे मी फार मोठी किंमत मोजून शिकले. कामाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका कुटुंबाला एक जागा सुचवली होती. मी ती सकाळी बघितली होती. स्वच्छ होती, भिंतींवर चित्रं होती, व्यवस्थापक तळमळीने बोलत होते. चार महिन्यांनी त्या आजींना तापासाठी रुग्णालयात नेलं, तेव्हा माकडहाडावर तळहाताएवढी जखम निघाली, आतपर्यंत गेलेली. रात्री सव्वीस जणांना दोनच माणसं होती, आणि आजींना कुशीवर वळवायला कोणी पोचत नव्हतं. मी रात्रीच्या माणसांबद्दल विचारलंच नव्हतं. त्या आजींच्या मुलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण तेव्हापासून मी कुठलीही जागा रात्री बघितल्याशिवाय सुचवत नाही.

म्हणून विचारा: रात्री किती जण असतात, त्यातले जागे किती, आणि ते झोपतात कुठे? माझा स्वतःचा हिशोब असा आहे की तुमच्या आईच्या टप्प्यातल्या माणसांसाठी दिवसा चार जणांमागे एक आणि रात्री सहा-सात जणांमागे एक जागं माणूस असावं. अठरा जणांना रात्री तीन. एक असेल तर नको. दोन असतील तर त्या अठरांपैकी अंथरुणाला खिळलेले किती ते विचारा. मग हेही विचारा की वर्षभराहून जास्त टिकलेल्या मावशी-मामा किती आहेत, त्यांना आठवड्याची सुट्टी मिळते का, आणि गणपती, दिवाळी, गावची जत्रा या दिवसांत त्यांच्या जागी कोण येतं. माणसं टिकतात ती जागा चांगली असते, असं माझं ठाम मत आहे. मावशीला नीट जेवायला, झोपायला आणि महिन्याच्या महिन्याला पगार मिळत असेल, तरच तिचा हात आजीच्या अंगावर हलका पडतो.

काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्या की मला पुढचं विचारावं लागत नाही. पहिली खूण केसांची. सगळ्या आजींचे केस एकसारखे आखूड कापलेले असतील, तर ते त्यांना विचारून कापलेले नसतात. विंचरायला वेळ लागतो म्हणून कापलेले असतात. तुमच्या आईचा अंबाडा असेल, ती कुंकू लावत असेल, साडीच नेसत असेल, तर हे राहणार का ते आधी स्पष्ट बोला. पुढे एक दिवस साडी सोडून गाऊन घालावा लागेल, पण तो दिवस तिच्या अवस्थेने ठरावा. दुसरी खूण आंघोळीच्या वेळेची. ‘पहाटे चारला सुरू करतो’ असं उत्तर आलं, तर समजा की रातपाळीला घरी जाण्याआधी काम उरकायचं आहे. डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीत चार वाजता उठवलेलं म्हातारं माणूस आरडाओरडा करणारच, आणि मग त्याच्या केसपेपरवर ‘आक्रमक’ असं लिहिलं जातं. तिसरी खूण रात्रीच्या जेवणाची. साडेसहाला ताटं वाढून सकाळी साडेआठला चहा-बिस्किट म्हणजे चौदा तासांचा उपास. मधुमेह असलेल्याला पहाटे साखर उतरून चक्कर येते, आणि नसलेलाही भुकेने जागा होऊन फिरतो. झोपण्याआधी कपभर दूध किंवा दोन घास दहीभात देतात का, एवढं विचारा. आणि वास. लघवीचा वास क्वचित कुठेही येतो. तो पडद्यांना आणि गाद्यांना मुरलेला असेल तर गोष्ट वेगळी. फिनाइलचा सतत उग्र वासही मला आवडत नाही.

बांधून ठेवता का, हे तोंडावर विचारा. लाजू नका. ओढणीने खुर्चीला, पट्टीने पलंगाला, कधी फक्त हात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हे बंधन अतिशय आवळलं आहे: तातडीचा धोका टाळायला दुसरा मार्गच नसेल तर, मानसोपचारतज्ज्ञाच्या संमतीने, गरजेपुरतंच. शिक्षा म्हणून नाही आणि माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. हे कायद्यात तसं लिहिलेलं आहे. त्याच कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचे गंभीर बिघाडही येतात. तेव्हा केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, ते विचारून कागद बघा. ट्रस्टची नोंदणी किंवा दुकान परवाना दाखवला, तर त्यावरून काळजीच्या दर्जाबद्दल काहीच कळत नाही.

गोळ्या देऊन झोपवणं हाही बांधण्याचाच प्रकार आहे. सकाळी अकराला टीव्हीसमोर ओळीने माना टाकलेली माणसं दिसली, तर औषधांचा तक्ता कोण लिहितं आणि किती दिवसांनी बघतं ते विचारा. वेडसरपणा, संशय, आक्रमकपणा यांसाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांनी डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचं प्रमाण वाढतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला. कधीकधी त्या द्याव्या लागतात, मी ते नाकारत नाही. पण कारण लिहून, कमी मात्रेत, थोड्या काळासाठी, आणि तुम्हाला सांगून. आईचं निदान अल्झायमरचं आहे, तरी एक गोष्ट न्यूरॉलॉजिस्टना विचारून ठेवा: तिला स्पष्ट भास होतात का, हातपाय ताठरतात का? अशी लक्षणं दिसणारा लेवी बॉडी प्रकारचा डिमेन्शिया असेल तर हॅलोपेरिडॉलसारखं साधं, स्वस्त, सगळीकडे हाताशी असणारं औषध अंगावर भयंकर उलटू शकतं. तसं असेल तर तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून द्या.

भाषेचा मुद्दा लोक विसरतात. हा आजार अलीकडचं आधी पुसतो. इंग्रजी गेलं, मग शहरी मराठी गेली, आणि तळकोकणातल्या एक आजी शेवटी फक्त मालवणीत बोलायच्या. केंद्रातल्या मुली मराठवाड्यातल्या, दोघी झारखंडच्या. ‘न्हाणी’ म्हणजे काय हे कोणाला कळेना आणि आजी रोज कपडे ओले करून बसायच्या. नातीने वीस शब्दांची यादी भिंतीला लावली, आणि आठवड्यात फरक पडला. तुम्हीही आईचं एक पान लिहून द्या. वैद्यकीय नको, ते डॉक्टर लिहितील. तिला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडते, लहानपणी घरात तिला काय म्हणायचे, चहात साखर किती, कशाची भीती वाटते, कोणता अभंग लागला की ती शांत होते, उजव्या कुशीवर झोपते की डाव्या. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका होत्या. संध्याकाळी फार अस्वस्थ व्हायच्या. त्यांना एका मावशीने शेजारच्या मुलांच्या जुन्या वह्या आणून दिल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, तपासायच्या राहिल्यात.’ दोन वर्षं त्या रोज सहा ते सात या वेळात वह्या तपासत बसल्या. ती मावशी सातवी शिकलेली होती. केंद्रात अशी एक तरी मावशी आहे का, हे शोधायला तुम्ही जाताय.

रुग्णालयाचं लवकर उरकते. रात्री तब्येत बिघडली तर कुठल्या रुग्णालयात, कोणाच्या गाडीने, सोबत कोण, आणि तुम्ही ठाण्याहून येईपर्यंत सही कोण करणार, हे लेखी घ्या. केंद्रात अंथरुणाला खिळल्यावरही ठेवून घेतात का, नळीने अन्न द्यावं लागलं तर ठेवतात का, शेवटचे दिवस तिथेच काढता येतात का, हेही आत्ताच विचारा. बोलायला जड जातं, पण हो म्हणणाऱ्या आणि नाही म्हणणाऱ्या जागा वेगवेगळ्या असतात.

पैशांचं मात्र सावकाश. फक्त महिन्याचा आकडा विचारू नका. डायपर, औषधं, फिजिओथेरपी, डॉक्टरांची भेट, रुग्णालयात सोबत द्यावी लागणारी बाई, हे सगळं आत की बाहेर? अवस्था वाढली की दर वाढतो का, आणि ते कोण ठरवतं? आई पंधरा दिवस रुग्णालयात असेल तर त्या दिवसांचं भाडं? डिपॉझिट किती दिवसांत परत, आणि ती गेल्यावर कोणाच्या नावे? मग जो आकडा येईल तो दरवर्षी थोडा वाढवत आठ वर्षांचा मांडा. निदानानंतर माणसं सरासरी चार ते आठ वर्षं जगतात, काही त्याहून बरीच जास्त, आणि तुमची तीन झाली आहेत. दोन वर्षांनी परवडत नाही म्हणून हलवण्यापेक्षा आज थोडी साधी जागा निवडणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. सत्तरीच्या पुढच्यांना ऑक्टोबर २०२४ पासून मिळणारं आयुष्मान भारतचं पाच लाखांचं संरक्षण रुग्णालयात दाखल होण्यासाठी आहे. केंद्राचं महिन्याचं बिल त्यातून निघत नाही.

भावाला एक गोष्ट तातडीने सांगा. ‘आईचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून ठेवलंय’ यावर विसंबू नका. भारतीय करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची निर्णयक्षमता गेली की ते संपतं. ज्या दिवसासाठी ते केलं, त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं, आणि मग पालकत्वासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. आईची खाती अजून तिला समजतंय तोवर बाबांबरोबर किंवा तुमच्याबरोबर संयुक्त करून घ्या, नामनिर्देशन तपासा. तिला हे व्यवहार आता कितपत कळतात याची नोंद डॉक्टरांकडून घ्या. कळत नसतील तर सह्या घेऊ नका. बाबांची तब्येत चांगली आहे, त्यांनी स्वतःचं मृत्युपत्र आणि वैद्यकीय इच्छापत्र (पुढे बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत, ते आधीच लिहून ठेवणं) करून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेली ही वैद्यकीय इच्छापत्रं जानेवारी २०२३ पासून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर करता येतात.

आणि आता बाबा. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो तुम्ही एका ओळीत उरकलात.

‘वृद्धाश्रमात पाठवणार नाही’ हे वाक्य मी शेकडो घरांत ऐकलंय. त्यात लोक काय म्हणतील हे थोडं असतं, पण बाबांच्या पिढीत त्याहून मोठं काही असतं: लग्नात जे वचन दिलं ते मोडतोय असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी वाद घालू नका. भावाला व्हिडिओ कॉलवर बसवून तिघांनी मिळून त्यांना पटवायचा प्रयत्न तर करूच नका. मी अशा बैठकीत बसलेय, आणि ऐंशी वर्षांचा माणूस त्यात आरोपीसारखा दिसतो. त्यांच्याबरोबर एकट्या बसा. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे ८८ लाख माणसं. हे काही त्यांच्या एकट्याच्या घरात आलेलं नाही, एवढं ऐकूनही काही बाबांचे खांदे सैल होतात. मग त्यांना विचारा, दिवसातली कोणती वेळ सगळ्यात कठीण जाते. ते बहुधा रात्र म्हणतील. मग विचारा, कोणती वेळ ते सोडू इच्छित नाहीत. उत्तर मिळायला वेळ लागेल. एकजण म्हणाले होते, ‘चार वाजताचा चहा. तो मीच करतो तिला.’

बंगल्याकडे कल आहे असं मी म्हटलं ते यासाठी. चार किलोमीटर म्हणजे रिक्षाने पंधरा मिनिटं. बाबा रोज चारला थर्मास घेऊन जाऊ शकतात, सहाच्या त्या वाईट तासाला तिच्याजवळ बसू शकतात, तिला जेवू घालून साडेसातला घरी येऊन रात्रभर झोपू शकतात. रात्र दुसऱ्यांच्या हातात जाते. नवरा तोच राहतो. तीस किलोमीटरवर कितीही सुंदर बाग असली, तरी ते फक्त रविवारी जातील, तेही कोणी गाडीने नेलं तर, आणि पावसाळ्यात तेही नाही. शिवाय रोज संध्याकाळी एक नवरा येऊन बसतो त्या खोलीत मावश्यांचा आवाज आपोआप मऊ राहतो. शेजारच्या पलंगावरच्या, कोणी न येणाऱ्या आजींनाही त्याचा फायदा होतो.

म्हणून केंद्राला हा प्रश्न विचारा: घरचं माणूस रोज, कुठल्याही वेळी, न कळवता आलं तर चालेल का? ‘भेटीची वेळ रविवारी दहा ते बारा’ असं उत्तर असेल, तर बाकी सगळं छान असूनही ती जागा घेऊ नका. ‘पहिले पंधरा दिवस कोणी येऊ नका, म्हणजे त्या रुळतील’ असं काही ठिकाणी सांगतात. मला हे पटत नाही. ज्या माणसाची आठवण आधीच निसटते आहे, तिच्याकडून ओळखीचा एकुलता एक चेहरा काढून घेऊन ती रुळत नाही, ती हरते.

बाबांनीही तिथेच राहावं का, असं भाऊ विचारेल. नको. शाबूत डोक्याच्या माणसाने चोवीस तास डिमेन्शियाच्या घरात राहिलं तर तो खचतो. त्यांची माणसं, पेपर, सकाळचा कट्टा कोथरूडला आहे. ते तसंच राहू द्या. वर्षभराने त्यांना घर झेपेनासं झालं, तर त्यांच्यासाठी असिस्टेड लिव्हिंग शोधा. ते त्यांच्या उपयोगाचं आहे, आणि बंगल्याच्या जवळपास मिळतं का ते तेव्हा बघू. दरम्यान कुठे अडलात, तर ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ वर बाबांना स्वतःला फोन करू द्या. मुलांशी न बोलता येणारं काही माणसं तिथे बोलतात.

आधी एक महिन्याचा तात्पुरता मुक्काम ठरवा. बाबांनाही ‘महिनाभर बघू’ हे झेपेल, आणि ते खोटंही नाही, कारण महिन्याने तुम्ही खरोखरच बघायचं आहे. पहिले दोन-तीन आठवडे आई जास्त चिडेल, कमी जेवेल, तुम्हाला ‘मला इथून ने’ म्हणेल. त्यावरून जागा वाईट ठरवू नका. त्याऐवजी वजन बघा, टाचा आणि माकडहाड बघा, नखं बघा, आणि मावशी जवळ आल्यावर ती अंग चोरते की हात पुढे करते ते बघा.

नेण्याचा दिवस सोमवार ते गुरुवारमधला ठेवा, शनिवार-रविवारी केंद्रात माणसं कमी असतात. सकाळी नाश्ता करून निघा, दुपारनंतर नको. ‘तुला तिथे राहायचंय’ हे आदल्या दिवशी सांगू नका, तिला रात्रभर फक्त भीती लक्षात राहील, कारण नाही. तिची गोधडी न धुता न्या, घरच्या वासाची. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण न्या, सोन्याच्या बांगड्या काढून तशाच दिसणाऱ्या साध्या घाला. लग्नातला फोटो न्या, पण आत्ताचा नको. आरशातली म्हातारी तिला ओळखू येत नसेल. बाबांना तिच्याबरोबर तिथेच जेवू द्या, एकाच टेबलावर. ती दुपारची झोपली, की निघा. निरोप घेऊ नका. ‘येतो गं’ एवढंच बाबांनी म्हणावं, जसं ते बाजारात जाताना म्हणतात.

आणि तुम्ही त्या रात्री ठाण्याला परत जाऊ नका. बाबांजवळ कोथरूडला झोपा. पहाटे ते सवयीने उठून दाराची कडी तपासतील, तेव्हा घरात कोणीतरी असू द्या.